काचेचा काठ

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जायचं तर ऊन चढायच्या आत. बुधवारी आणि रविवारी तिथे पथाऱ्या पडतात. पाने-पकडी, पंख्याची पाती, बंद घड्याळं, कुणाच्या तरी मुंजीतला काच तडकलेला गटफोटो. गेल्या श्रावणातल्या एका बुधवारी, पितळी नळांच्या ढिगाशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार छोट्या काचेच्या फुलदाण्या मला दिसल्या. वीतभरही उंची नाही. घरी येऊन मोजली तर ११ सेंटिमीटर. बुटकं गोल पोट, त्यावर निमुळता गळा आणि वर किंचित उमललेलं तोंड. दोघींच्या तोंडाशी बोटभर रुंदीची काळपट पट्टी होती. उरलेल्या दोघींचं तोंड उघडं, खरखरीत, एका बाजूला टवका गेलेलं.

ओढणीच्या टोकाने पट्टी घासली तशी ती पांढरी चमकली.

‘‘चांदीच आहे ताई,’’ पथारीवाला म्हणाला. ‘‘त्या दोघींची काल काढली मी. ह्या राहिल्यात. वरचं काढा, सराफाकडं टाका. पैसे वसूल. काच काय, कुठंबी मिळती.’’

त्याने काही लपवलं नाही, आणि त्याचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. त्याच्या हिशेबात चांदी म्हणजे मोड, आणि मोडीला भाव असतो. पण हिशेब मांडून बघू. फुलदाणीचं तोंड ३ सेंटिमीटर व्यासाचं, पट्टी १ सेंटिमीटर रुंद, पत्रा जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीचा. एक घन सेंटिमीटर चांदी साडेदहा ग्रॅम भरते. म्हणजे एका पट्टीची चांदी होते सुमारे ३ ग्रॅम. चांदी किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून या ३ ग्रॅमला तीनशे रुपयांच्या वर दाम येतो, इतकंच. तेवढ्यासाठी दोन फुलदाण्यांची तोंडं पकडीने ओरबाडली गेली होती. मी चारही घेतल्या. घासाघीस करायचं त्या दिवशी सुचलंच नाही.

पुढचे तीन महिने या चार वस्तूंच्या मागे गेले. काचेला चांदी कशासाठी लावत असतील, ती काचेवर बसते कशी, आणि फूल ठेवायला जेमतेम दोन बोटं जागा असलेल्या या फुलदाणीचं आजच्या घरात करायचं काय, हे तीन प्रश्न घेऊन मी पुण्यात आणि पुण्याबाहेर हिंडले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काच ज्या रीतीने घडते त्या रीतीतच आहे. फुंकलेल्या काचेचं भांडं लोखंडी नळीच्या टोकाला जन्मतं. तांबडा गोळा नळीवर घ्यायचा, फुंकर मारून फुगवायचा, साच्यात किंवा मोकळ्या हवेत आकार द्यायचा, आणि शेवटी नळीपासून भांडं तोडायचं. तोडायचं म्हणजे अक्षरशः तोडायचं. जिथे तुटतं तिथेच पुढे भांड्याचं तोंड होतं. म्हणून कुठल्याही फुंकलेल्या भांड्याची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे त्याचा काठ. हा काठ पुन्हा आचेवर शेकून गोल करतात, नाहीतर सहाणेसारख्या चाकावर घासून सारखा करतात. घासलेला काठ पांढुरका, धुरकट दिसतो आणि त्याला टवके लवकर जातात. चांदीची पट्टी तो झाकते, त्याला सांभाळते आणि टवका गेलाच असेल तर तोही पोटात घेते. जुन्या फुलदाण्यांमध्ये मुळात उंच असलेली, तोंडाशी फुटलेली, मग खालपर्यंत कापून, घासून, वर चांदी चढवून वाचवलेली उदाहरणं असतात. तिथे चांदी म्हणजे डागडुजी आहे.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये लायकर्गसचा प्याला म्हणून ओळखला जाणारा चौथ्या शतकातला रोमन पेला आहे. समोरून उजेड पडला तर हिरवा दिसतो, आतून दिवा लावला तर माणकासारखा लाल. काचेत सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले आहेत, त्यांची ही किमया. त्या पेल्याच्या तोंडावरची सोनेरी मुलाम्याची चांदीची पट्टी मात्र मूळची नाही. ती चढली १८०० च्या आसपास, म्हणजे पेला घडल्यावर सुमारे चौदाशे वर्षांनी. इतक्या उशिरा का होईना, कुणाला तरी त्या काठाची काळजी वाटली.

आपल्या भाषेत भांड्याला काठ, लुगड्याला काठ आणि नदीलाही काठच. लुगडं विरलं तरी काठ टिकतो, आणि तो काढून दुसऱ्या कापडाला लावायची रीत आपल्या घरोघर होती. माझ्या आजीने जुन्या इरकलीचे काठ काढून चार झबली शिवली होती. चांदीचा काठ लावलेली फुलदाणी हातात घेतली की मला ती झबली आठवतात. दोन्हीकडे काठ एका वस्तूला तोलून धरतो.

भिंग घेऊन बसले तेव्हा शाबूत राहिलेल्या दोन पट्ट्यांवर चार बारीक ठसे दिसले. नांगर, चालता सिंह, एक छोटं अक्षर आणि घडवणाऱ्याची आद्याक्षरं. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीची खूण. समुद्रापासून इतक्या लांबच्या शहराची खूण नांगर असावी याची मला प्रत्येक वेळी गंमत वाटते. ती कचेरी १७७३ साली सुरू झाली. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. सुटं अक्षर वर्ष सांगतं. तक्त्याशी ताडून पाहिलं तर ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं निघालं. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने चांदीच्या ठशांची पद्धत २००५ मध्ये आणली. ९९०, ९७०, ९२५, ८०० असे शुद्धतेचे आकडे त्यात येतात. जुन्या बाजारात कुणाला असं काही सापडलं तर मोडीत घालण्याआधी भिंगाखाली जरूर धरावं. ठसा राईएवढा असतो आणि काळवंडलेल्या पट्टीवर तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

या फुलदाण्या पुण्यात आल्या त्याचं नवल नाही. पावसाळ्यात मुंबई इलाख्याचा कारभार पुण्यात हलायचा. गव्हर्नरसाहेबांचा गणेशखिंडीतला बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. लष्करातल्या बंगल्यांमधून जेवणाच्या मेजावर प्रत्येक पाहुण्यासमोर एखादं फूल ठेवायची पद्धत होती. मेजावर समोरच्या माणसाचा चेहरा झाकला जाऊ नये म्हणून फुलदाणी बुटकी, आणि दोनच फुलं मावावीत म्हणून गळा चिंचोळा. पुण्यातल्या कारागिरांनाही चांदीकाम परकं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवादिकांच्या आकृती उठवलेलं पुण्याचं चांदीकाम इंग्रज ग्राहक आवडीने घेत.

हे सगळं खरं, पण ठसे हमी देतात ती फक्त चांदीची. काच फुंकणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. म्हणून काच फुंकणाऱ्यांच्या शोधात मी तळेगावला गेले.

तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली उभा राहिला. कल्पना अंताजी दामोदर काळे यांची: माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग काढायचा. लोकमान्य टिळकांनी त्यामागे आपलं बळ उभं केलं. १९०८ च्याच जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. कारखाना मात्र चालू लागला. तो चालवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. अलीगढकडचे, जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत शिकून आलेले. त्या काळात हिंदुस्थानात काचेचा माल प्रामुख्याने ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून, बोहेमियातून येई. मणी, बांगड्या, दिव्यांच्या चिमण्या. घरातला कंदील लावायचा तर त्याची काच परदेशी. एक एक पैसा देणाऱ्या माणसाला स्वदेशी म्हणजे काय ते सांगायला याहून समोरचं उदाहरण नसेल.

तळेगावने माल काढला तो मुख्यतः रोजच्या गरजेचा, चिमण्या आणि बाटल्या-बरण्यांसारखा. पण कारखान्याहून मोठी गोष्ट झाली ती तिथल्या शिक्षणाची. तिथे काम शिकलेली माणसं देशभरच्या काच कारखान्यांत गेली. वार्ष्णेय पुढे उत्तरेत गेले आणि तिथे त्यांनी काचेचा उद्योग वाढवला. कऱ्हाडजवळ औंध संस्थानात १९१६ मध्ये ओगले बंधूंनी ओगले ग्लास वर्क्स काढलं, आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. कारखान्याभोवतीच्या वस्तीचं नावच ओगलेवाडी झालं. महाराष्ट्रातल्या काचेचा इतिहास आणखी मागे न्यायचा तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजपर्यंत जावं लागतं. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी हसमुख सांकळियांबरोबर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचं उत्खनन केलं, आणि पुढे १९६९ मध्ये भारतीय काचेच्या इतिहासावर त्यांचं पुस्तक मुंबई विद्यापीठाने काढलं. मातीतून निघालेल्या मण्यांकडे आणि बांगड्यांच्या तुकड्यांकडे त्यांनी ज्या बारकाईने पाहिलं, त्या बारकाईचं मला फार अप्रूप आहे. कारण काचेच्या वस्तूतून आपण पलीकडे बघतो. तिच्याकडे बघायचं राहून जातं.

माझ्या चार फुलदाण्या तळेगावच्या नाहीत, हे नक्की. पण बर्मिंगहॅममध्ये कुणीतरी त्यांच्यावर चांदी चढवत होतं, साधारण त्याच वर्षांत इथे एकेका पैशातून काचेची भट्टी पेटत होती. तळेगावच्या रस्त्यावर मावळातला पाऊस अंगावर घेत उभी असताना हे दोन धागे मला एकदम हातात आल्यासारखे वाटले.

आता उरल्या त्या दोन ओरबाडलेल्या फुलदाण्या. त्यांना नवा काठ लावून घ्यायचा ठरवलं आणि इथे माझी खरी पायपीट सुरू झाली. एका मोठ्या पेढीत सांगितलं गेलं, ‘‘आम्ही काचेवर काम घेत नाही.’’ दुसरीकडे वजन बघून हसले. तीन ग्रॅमची मजुरी काय लावायची? तिसऱ्या ठिकाणी फुलदाणी ठेवून घेतली आणि आठ दिवसांनी जशीच्या तशी परत दिली, फक्त टवका थोडा मोठा झाला होता. शेवटी रविवार पेठेतल्या एका माडीवर, सत्तरीकडे झुकलेल्या एका कारागिरांशी गाठ पडली. मूळचे हुपरीकडचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावात घरोघर चांदीचं काम चालतं. पैंजण आणि जोडव्यांसाठी ते देशभर ओळखलं जातं. त्यांनी फुलदाणी उजेडाकडे धरली, काठावरून करंगळी फिरवली आणि म्हणाले, ‘‘बाई, ही काच माझ्या हातात फुटली तर तुम्ही मला बोलायचं नाही. आणि नाही फुटली तर घाई करायची नाही.’’

मी दोन्ही कबूल केलं, आणि ते काम करत असताना बाजूला बसून राहायची परवानगी मागितली.

चांदी काचेवर वितळवून बसवता येत नाही. चांदीचा रस होतो ९६२ अंशांच्या जवळपास, आणि साधी काच त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. म्हणून काठ वेगळा घडवायचा आणि मग काचेला घालायचा, बोटात अंगठी घालावी तसा. त्यांनी आधी कागदाची पट्टी तोंडाभोवती गुंडाळून माप घेतलं. मग त्या मापापेक्षा केसभर मोठा पत्रा कापला. त्याची दोन टोकं जुळवून झाळ दिली. झाळ म्हणजे थोडा हलका धातू मिसळलेली चांदी. ती पत्र्याच्या चांदीआधी वितळते आणि सांधा धरते. सांधा कानशीने घासून असा बेमालूम केला की भिंगातूनही मला तो शोधावा लागला. मग वर्तुळ लाकडी ठोकळ्यावर चढवून, शिंगाच्या हातोडीने हळूहळू ठोकत, वरची कड आत वळवली. खालच्या कडेला त्यांनी बारीक दाणे उठवले. मी सांगितलं नव्हतं. जुन्या पट्टीवर तशी किनार होती, ती त्यांनी पाहून ठेवली होती.

आणि मग सगळ्यात अवघड काम. चांदी तापली की काचेच्या जवळपास दुप्पट पसरते. दोघींना घट्ट चिकटवून टाकलं तर उन्हाळ्यात-हिवाळ्यात एक ओढते, दुसरी ओढू देत नाही, आणि तडा काचेला जातो. म्हणून मध्ये पोकळी ठेवायची आणि ती कशाने तरी भरायची. विलायती पट्ट्यांखाली बहुतेक वेळा प्लास्टर ऑफ पॅरिस असतं. जुन्या बाजारात काढलेल्या पट्ट्यांच्या जागी मला तोच पांढरा चुरा दिसला होता. ‘‘आम्ही लाख भरतो,’’ ते म्हणाले. पोकळ दागिन्यात लाख भरायची ही जुनी पद्धत. लाख ऊन करून पातळ करायची, पोकळीत सोडायची, आणि काठ सरळ बसेपर्यंत बोटांनी धरून ठेवायचा. ते मिनिटभर श्वास रोखून होते. मीही.

पट्टीचं वजन भरलं सव्वातीन ग्रॅम. मजुरी त्यांनी चांदीहून जास्त घेतली आणि मला ती कमीच वाटली. निघताना त्यांनी बजावलं ते मी इथे सगळ्यांसाठी लिहिते. अशी फुलदाणी गरम पाण्यात घालायची नाही. लाख मऊ पडते, काठ डुलायला लागतो. भांडी धुण्याच्या यंत्रात तर मुळीच नाही. पाण्यात बुडवून ठेवायची नाही, कारण प्लास्टर असेल तर ते पाणी पिऊन सुटतं. आत मेणबत्ती नाही, पणतीही नाही, दिवाळी असली तरी. चांदी काळी पडली तर फुलदाणी आडवी धरून, ओल्या मऊ फडक्यावर रिठ्याचं पाणी घेऊन फक्त पट्टी पुसायची आणि लगेच कोरडी करायची. रांगोळीने घासायची आपली सवय पातळ पट्टीवरची नक्षी झिजवते. अॅल्युमिनियमच्या पत्र्याबरोबर सोड्याच्या गरम पाण्यात ठेवायचा उपाय ताटवाट्यांना ठीक, इथे नको. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आणि पुण्याच्या हवेत तो आता कमी नाही.

करायचं काय, हा प्रश्न तरीही होताच. तो घेऊन मी शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दोन दुपारी काढल्या. दिनकर गंगाधर केळकर यांचा चष्म्यांचा व्यवसाय. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. सात वर्षांचा एकुलता एक मुलगा राजा गेला, आणि त्याच्या नावाने हा संग्रह उभा राहिला. १९६२ मध्ये संग्रहालय झालं, १९७५ मध्ये त्यांनी ते सरकारच्या स्वाधीन केलं. वीस हजारांहून जास्त वस्तूंपैकी अडीच हजारांच्या आसपास आपल्याला पाहायला मिळतात. अडकित्ते, दौती, वज्री, फण्या, करंडे, दिवे. एकही वस्तू अशी नाही की जिला काम नव्हतं. पायाचा मळ काढायच्या वज्रीवरसुद्धा कुणीतरी मोर बसवला आहे. तिथे उभं राहिलं की कळतं, आपल्याकडे शोभेची वस्तू म्हणून वेगळी जात फारशी नव्हती. कामाची वस्तूच शोभिवंत करायची रीत होती.

फुलदाणी या शब्दातली ‘दाणी’ फारसी वळणाची. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी, सुरमादाणी यांच्याच घरातली. पण गुलाबदाणीत गुलाबाचं फूल ठेवत नाहीत, ती गुलाबपाणी शिंपडायची. दरबार उठताना अत्तर-गुलाब आणि पानसुपारी झाली की निरोप समजायचा. देठासकट फूल पाण्यात उभं करून ठेवायची चाल आपल्यात उशिराची. आपली फुलं देठाविना: मोगरा, जाई, अबोली, तगर, प्राजक्त. ती सुईदोऱ्यात जातात, परडीत जातात, देवाच्या माथ्यावर जातात, वेणीत जातात. सोनचाफ्याला उभं राहण्यापुरता देठच नसतो. म्हणून अनेक मराठी घरांत भेट आलेली फुलदाणी प्लॅस्टिकची फुलं घेऊन शोकेसमध्ये वर्षानुवर्षं धूळ खाते. तिला आपल्याकडे काम मिळालेलं नसतं.

या बुटक्या फुलदाण्यांना मी काम देऊन पाहिलं. पहिलं मिळालं गणपतीत. दुर्वांची एकवीसची जुडी बांधून ताटात ठेवली की दुपारपर्यंत मलूल होते. चिंचोळ्या गळ्याच्या फुलदाणीत दोन बोटं पाण्यात ती उभी केली तर दुसऱ्या दिवशी सकाळीही ताजी. चांदीच्या काठातून वर आलेली हिरवीगार जुडी मखराशेजारी इतकी शोभली की शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी त्यांची जुडी घेऊन आल्या. दुसरं काम हळदीकुंकवाचं. अत्तराच्या काड्या वाटीत आडव्या पडतात, बोटं बरबटतात. यात त्या उभ्या राहतात. तिसरं स्वयंपाकघरातलं. कढीलिंबाची डहाळी, पुदिन्याच्या चार काड्या. चौथं लिहायच्या मेजावर, शाईच्या पेनांसाठी. पण तळाशी कापसाचा बोळा हवा, नाहीतर निब काचेवर आपटतं. आईने त्यातली एक आरशापाशी नेली आणि केसांचे आकडे ठेवले. बर्मिंगहॅमकडच्या बायका टोपीच्या लांब टाचण्या अशाच भांड्यांत ठेवत. आईला हे माहीत असायचं कारण नाही.

काही कामं मात्र देऊ नयेत. मीठ ठेवू नये, मिठाने चांदीला खड्डे पडतात. फुलदाणी आकाराच्या मानाने जड असेल आणि टिचकी मारल्यावर घंटेसारखी लांबवर वाजत असेल, तर तिच्यात शिसं असण्याचा संभव मोठा. अस्सल स्फटिककाचेत शिशाच्या ऑक्साइडचं प्रमाण २४ टक्क्यांच्या वर असतं. अशा भांड्यात लिंबाचा रस, लोणचं, मद्य साठवू नये. आंबट पदार्थ शिसं ओढून घेतात. फुलाला त्याने काही होत नाही.

आणि फूल? शेवटी मी फुलापाशीच आले. मावळ तालुक्यात आज हरितगृहांतून गुलाब पिकतो आणि १४ फेब्रुवारीच्या आधी विमानाने परदेशी जातो. ज्या तळेगावने शंभरावर वर्षांपूर्वी काच फुंकली, त्याच तळेगावात आता फुलशेतीचं उद्यान आहे. तिथला गुलाब देठाच्या लांबीवर विकला जातो. देठ जितका लांब आणि सरळ तितका भाव चढा. आखूड, वाकडा, मान टाकलेला गुलाब मागे राहतो. गुलटेकडीच्या फुलबाजारात पहाटे मी तो मागितला तेव्हा विकणाऱ्याला वाटलं, मी पाकळ्यांसाठी नेते आहे. माझ्या फुलदाण्यांना नेमका तोच हवा होता. गुलाब मान टाकतो तेव्हा बहुधा देठात हवेचा बुडबुडा अडकून पाणी वर चढेनासं होतं. देठ पाण्याखाली धरून तिरका कापला आणि आखूड केला की पाणी पुन्हा चढतं. माझ्या सहांपैकी चार गुलाबांनी संध्याकाळपर्यंत मान वर काढली.

चांदीचा आणि फुलाचा एक खरा संबंधही यात हाती लागला. कार्नेशनसारखी फुलं कोमेजतात ती एथिलीन नावाच्या वायूमुळे, जो ती स्वतःच सोडतात. चांदीचा आयन त्या वायूची पेशीतली जागा निकामी करतो. म्हणून फुलांच्या धंद्यात देठांना चांदीच्या क्षाराचं द्रावण पाजतात आणि फुलं जास्त दिवस टिकतात. फुलदाणीच्या काठावरच्या चांदीने हे होत नाही, ती पाण्याला लागतही नाही. तरीपण ज्या धातूने आपण काचेचा काठ राखला, तोच फुलालाही राखतो, हे कळल्यावर मी रविवार पेठेत परत गेले, त्या कारागिरांना सांगायला. ते माडीवरून उतरत होते, हातात भाकरीचा डबा. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘काठ डुलत नाही ना?’’

डुलत नाही. चारही फुलदाण्या आता जेवणाच्या मेजावर एका ओळीत आहेत. दिवाळीला आईने घरातली सगळी चांदी उजळायला काढली, समया, निरांजनं, फुलपात्रं. या चारांतल्या जुन्या दोन काठांवर शंभर वर्षांचा मऊ राखाडीपणा आहे, नव्या दोघांचा पांढरेपणा डोळ्यांत भरतो. मी आईच्या हातातून नवी जोडी काढून घेतली आणि ती न उजळता तशीच मेजावर परत ठेवली, काळी पडायला.